उपासाचं उरीत

भगवतीबाईंच्या घरी नवरात्राचे नऊ दिवस मांस-मासे शिजत नसत. उरीत मात्र शिजत असे. उरीत म्हणजे ऑक्टोपस, समुद्रातला आठ पायांचा, हाड नसलेला प्राणी. बेटावरच्या बों अक्योय या गावातल्या दुसऱ्या कुठल्याही मराठी घरात हे चालत नव्हतं, आणि ती घरं या घराला पाठीमागे हसत. 'देवी घटात, उरीत ताटात,' असं म्हणत. भगवतीबाईंच्या कानावर ते गेलेलं होतं. त्यांचं उत्तर ठरलेलं असे: ज्याला रक्त नाही त्याला जीव नाही, आणि ज्याला जीव नाही ते मांस नाही.

हा निकाल त्यांच्या नवऱ्याचे, जयरामतात्यांचे, आजोबा देऊन गेले होते. आजोबा कोकणातून बोटीनं या बेटावर ऊस तोडायला म्हणून आले आणि त्यांना समुद्रकाठच्या चुन्याच्या भट्टीवर धाडलं गेलं. एका नवरात्रात तिथे तांदूळ संपला. ओहोटीला बायका खडकांत भाला खुपसून उरीत काढत, ते तेवढं मिळण्यासारखं होतं. आजोबांनी एक चिरून पाहिलं. लाल काही निघालं नाही. त्यांनी देवीला हात जोडले आणि ते खाल्लं. खेकड्या-कोळंबीबद्दल असा निकाल कुणी दिला नव्हता, म्हणून ती वर्ज्यच राहिली. पुढे घर समुद्रापासून दूर, उसाच्या पट्ट्यात आलं, तरी उरीत नवरात्रात येतच राहिलं. ते विकणाऱ्या बायका किनाऱ्यावरच त्याचं डोकं उलटं करत, खडकावर आपटून आपटून त्याला मऊ करत आणि खाऱ्या पाण्यात धुऊन तारेला ओवत. गावात पोचेपर्यंत ते धुतलेल्या कपड्यासारखं झालेलं असे. त्याच्या अंगातून काय वाहतं, हे बों अक्योयमध्ये कुणी पाहिलेलं असण्याचं कारणच नव्हतं.

विद्यावती या घरात धाकटी सून म्हणून आली त्याला दोन वर्षं झाली होती. सें पिएरच्या हरिलाल या पोस्टातल्या कारकुनाची ती एकुलती मुलगी. बापानं तिला जीवशास्त्र घेऊन शाळेच्या शेवटच्या परीक्षेपर्यंत शिकवलं आणि मग बों अक्योयला दिलं, कारण कृष्णदेव पोर्ट लुईच्या सरकारी कचेरीत नोकरीला होता आणि मुलगा शांत होता. कृष्णदेव खरोखरच शांत होता. आईसमोर तर फारच. मूल अजून झालं नव्हतं, आणि ते रोज कुणाच्या तरी बोलण्यात येई.

१९७७च्या जानेवारीपासून सरकारनं माध्यमिक शिक्षण फुकट केलं. उसाच्या गावांतून मुलींचे घोळके बसथांब्यावर उभे राहायला लागले आणि खाजगी कॉलेजांना, इथे माध्यमिक शाळेला कॉलेजच म्हणतात, शिक्षक पुरेनात. फ्लाकच्या एका कॉलेजानं विद्यावतीला बोलावलं. दसऱ्यानंतरच्या सोमवारी तिनं वर्गावर एक धडा घेऊन दाखवायचा, विषय तिच्या आवडीचा. पसंत पडला तर दुसऱ्या दिवसापासून नोकरी.

तिनं कृष्णदेवला विचारलं. तो म्हणाला, "आईला विचार."

आईला विचारलं. भगवतीबाई तांदूळ निवडत होत्या. "नवरात्र होऊन जाऊ दे गो," त्या म्हणाल्या. "मग बघू." ते ना हो होतं ना नाही, पण विद्यावतीनं ते हो धरलं आणि तयारीला लागली.

तिनं विषय घेतला होता, प्राण्यांचं रक्त वेगवेगळ्या रंगांचं का असतं. दुपारी स्वयंपाकघरात कुणी नसताना फळीवर उभ्या मांडलेल्या ताटल्यांना ती तो धडा शिकवत असे. थोडं मराठीत, थोडं बेटावरच्या क्रियोल बोलीत, पुस्तकातले शब्द इंग्रजीत.

"रक्ताचं मोठं काम म्हणजे प्राणवायू वाहून नेणं. आपल्या रक्तात तो लोखंडाला धरून जातो, म्हणून रक्त लाल. काही प्राण्यांत लोखंडाच्या जागी तांबं असतं. तांब्याला प्राणवायू लागला की रक्त निळं होतं, आणि प्राणवायू सुटला की त्याचा रंग जातो. खेकडा, गोगलगाय, उरीत, यांचं रक्त निळं. समुद्रातल्या काही किड्यांचं हिरवं, काहींचं जांभळं. झुरळाचं पांढुरकं, कारण त्याच्या रक्ताला हवा वाहायचं काम नाही, त्याच्या अंगभर हवेच्या नळ्या असतात. आणि दक्षिणेच्या बर्फाच्या समुद्रात एक मासा आहे, त्याच्या रक्ताला रंगच नाही. पाणी इतकं थंड, की प्राणवायू रक्तात तसाच विरघळून राहतो..."

आपण हे कुठे उभं राहून बोलतो आहोत याचा तिला विसर पडला असावा. पुस्तकात वाचलेलं आणि चुलीवर शिजणारं यांचा संबंध माणूस चटकन लावत नाही. तो इंद्राणीनं लावला. इंद्राणी म्हणजे मोठी जाऊ, थोरला दीर नंदलाल याची बायको. ती मागच्या पडवीत पाट्यावर मसाला वाटत होती आणि तिनं मध्येच वरवंटा थांबवला होता.

पाचव्या माळेला आरतीनंतर सत्यदेव जेवायला थांबला. सत्यदेव भगवतीबाईंचा चुलतपुतण्या, गावातल्या मराठी मंडळाचा प्रमुख, आणि 'देवी घटात' ही ओळ त्यानंच रचली असं लोक म्हणत. उरीत मात्र तो आवडीनं खाई. खायचं इथे आणि हसायचं बाहेर, अशी त्याची वाटणी होती.

इंद्राणीनं त्याच्या ताटात रस्सा वाढला आणि पळी हवेत धरून म्हणाली, "भावोजी, जपून जेवा हां. आमच्या मिस म्हणतात, उरिताला रक्त असतं."

"कुठल्या मिस?"

"ह्या काय, आमच्या धाकट्या. मिस विद्यावती. लाल पण नाय. निळं!"

नंदलालला ठसका लागला. तो साखरेच्या इस्टेटीवर मुकादम होता, आवाज मोठा. "दिसां ब्ले!" तो क्रियोलमध्ये ओरडला. "आयो! निळं रक्त! आमच्या मोठ्या साहेबाची बायको पण सांगते तिचं खानदान निळ्या रक्ताचं आहे. ती काय खडकाखालनं काढली काय?"

सगळे हसले. सत्यदेव हसता हसता थांबला. त्याच्या बोटांत उरिताचा तुकडा होता. तो त्यानं ताटाच्या कडेला ठेवला.

"वैनी," तो विद्यावतीला म्हणाला, "थट्टा की खरं?"

थट्टा म्हणाली असती तर तिथेच संपलं असतं. तिला ते कळलंही. पण सोमवारी ज्या वाक्यावर ती उभी राहणार होती, ते पाच माणसांसमोर खोटं ठरवायचं, हे तिला जमलं नाही.

"खरं आहे, भावोजी. त्यात तांबं असतं. पुस्तकात आहे."

सत्यदेवनं ताट पुढे सरकवलं आणि रुमालाला हात पुसले. त्याला मनापासून आनंद झालेला दिसत होता. "मग काकी," तो भगवतीबाईंकडे वळून अगदी हळू आवाजात म्हणाला, "तात्यांच्या आजारात तू जे नऊ दिवस धरलेस... तेव्हा पण हेच खात होतीस ना गं? मी आपलं विचारलं."

जयरामतात्या अशाच एका नवरात्रात आजारी होते. भगवतीबाईंनी नऊ दिवस एकवेळ जेवून, जमिनीवर झोपून, देवीपुढे अखंड दिवा ठेवला होता. तात्या दसऱ्याला गेले. त्यानंतर भगवतीबाई कधी रडलेल्या कुणाला आठवत नव्हत्या. कुणी सांत्वनाला आलं की त्या म्हणत, "मी माझं सगळं नीट केलं. तिनं काय करायचं ते तिनं केलं." या वाक्याच्या आधारावर त्यांनी घर चालवलं होतं, धाकट्याचं लग्न केलं होतं.

सत्यदेवच्या प्रश्नानंतर भगवतीबाई जेवत राहिल्या. आपल्या ताटातला एकेक तुकडा त्यांनी सावकाश चावून खाल्ला. ताट पुसून घेतलं. मग म्हणाल्या, "सत्यदेव, आठव्या माळेला दुपारी ये. नंदलाल, तू त्रू दो दूसच्या किनाऱ्यावर जा आणि जिवंत उरीत आण. आपटलेलं नको, धुतलेलं नको. ही धाकटी कापंल. देवीसमोर."

"देवीसमोर, आई?" कृष्णदेव म्हणाला. "नवरात्रात?"

"का रे? जीव नाय तर हिंसा कसली?" त्या विद्यावतीकडे वळल्या. "निळं निघालं तर सोमवारी मी सोता तुला फ्लाकच्या बसमधे बसवीन. ह्या घरात उरीत परत शिजायचं नाय. पाणी निघालं तर तुझी सगळी पुस्तकं बांधायची आणि बापाकडं धाडायची. तू राहशील. पुस्तकं जातील. कॉलेज पण गेलं."

"चालेल," विद्यावती म्हणाली. फार लवकर म्हणाली.

सकाळी बसची वाट बघत कृष्णदेव अंगणात उभा होता. तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "कशाला बोललीस?"

"खरं आहे म्हणून."

"तू पाहिलंयस कधी?"

"नाही."

"मग?"

"तुम्ही तरी पृथ्वी फिरताना कुठे पाहिलीत?"

"पृथ्वीच्या फिरण्यावर मी नोकरी पणाला लावलेली नाही," कृष्णदेव म्हणाला आणि बस आली.

तिला एकाच गोष्टीची काळजी होती, आणि ती तिनं नंदलालला सांगितली. सांगायला नको होती. पण न सांगूनही चाललं नसतं. "भावोजी, बादलीत समुद्राचं पाणी भरपूर घ्या. सावलीतनं आणा, वाटेत थांबू नका. त्याचा श्वास कोंडला तर रक्ताचा रंग जातो. पाण्यासारखं दिसतं."

"हो का?" नंदलाल म्हणाला. पडवीतला वरवंटा पुन्हा थांबला.

आठव्या माळेला नंदलाल सकाळी गेला आणि दुपार कलल्यावर आला. मोटरसायकलच्या मागे बादली बांधलेली, तोंडावर गोणपाट. गोणपाट वाळून कडक झालं होतं.

"एवढा वेळ?" विद्यावतीनं विचारलं.

"दोस्त भेटले. दुकानापुढे दोन शब्द बोललो."

तिनं गोणपाट काढलं. तळाला हाताचा तळवा बुडेल एवढंच पाणी होतं, तेही गढूळ आणि कोमट.

"पाणी कुठे गेलं?"

"हिंदकळत होतं, माझी पाटलोण भिजली. ओतून दिलं." तो इंद्राणीकडे बघून हसला. "जिवंत आण म्हणाली आई. जिवंत आहे की."

ते जिवंत होतं. बादलीच्या तळाशी एका बाजूला कलंडलं होतं. त्याचं अंग फुगत होतं आणि बसत होतं, फार घाईनं. विद्यावतीनं बोट पाण्यात घातलं तशी त्याची एक सोंड हळूहळू वर आली आणि तिच्या मनगटाला गुंडाळली गेली. धरण्यात जोर नव्हता. सोंडेवरच्या शोषणाऱ्या वाट्या एकामागून एक तिच्या कातडीवर टेकल्या आणि सुटल्या.

"दुसरं आणू या, आत्याबाई," ती सासूला म्हणाली. "हे मरायला टेकलंय. ह्याचं रक्त पांढरं दिसेल. मी आधीच सांगते."

"आधीच सांगितलं म्हणजे झालं?" इंद्राणी म्हणाली. "निळं निघालं तर निळं, आणि पांढरं निघालं तर तेही बरोबर! मिस दोन्हीकडनं पास!"

सत्यदेव पायरीवर बसून होता. त्याला निळंच हवं होतं. मंडळात सांगायला तो निळंच घेऊन जाणार होता. "कापू दे, काकी," तो म्हणाला. "बघू तरी."

देव्हारा पुढच्या खोलीत होता. घटाभोवती धान्य उगवून पिवळं झालं होतं. त्याच्यासमोर केळीचं पान, पानावर पांढरी एनॅमलची ताटली आणि शेजारी स्वयंपाकघरातली सुरी, अशी मांडणी इंद्राणीनं करून ठेवली होती, जणू नैवेद्यच.

विद्यावतीनं उरीत उचलून पानावर ठेवलं. बाहेर आल्यावर ते एकदम गडद झालं, मग करडं, मग त्याच्या अंगावर पांढरे डाग उमटले आणि मावळले. त्याचा डोळा उघडा होता. आतली बाहुली आडवी, काळ्या रेघेसारखी. ते कशाकडे तरी बघत होतं. कोणाकडे, हे सांगता येत नव्हतं. पुस्तकात त्याच्या तीन हृदयांची आकृती होती आणि विद्यावतीला ती पाठ होती. पण आकृती हलत नसे.

"सुरी कशी धरलीय बघा मिसनं," नंदलाल म्हणाला. "शाळेत पोरांसमोर काय करणार?"

तिनं सुरी घातली. पहिल्यांदा ती घसरली, कारण अंग निसरडं होतं. सगळ्या सोंडा एकदम आखडल्या आणि पान फाटलं. दुसऱ्यांदा तिनं डाव्या हातानं डोकं दाबून धरलं आणि आकृतीत जिथे कल्ले होते तिथे आडवं चिरलं. उरीत पुष्कळ वेळ मेलं नाही. ती चिरत राहिली. तिला त्याची दया येत होती आणि त्याच वेळी ते मरण्याआधी रक्त मिळालं पाहिजे याची घाईही होती. या दोन्ही गोष्टी एकाच माणसात असतात, यावर कुणी विश्वास ठेवणार नाही कदाचित, पण असतात. कृष्णदेव खिडकीतून बाहेर उसाकडे बघत होता.

तिनं चिरेतून वाहिलेलं ताटलीत निथळू दिलं. थोडंच होतं. सगळे वाकले.

ताटलीत पाणी होतं. भाताच्या निवळीसारखं.

मग नंदलाल हसायला लागला, आणि इंद्राणी तोंडाला पदर लावून, आणि मग मोठ्यांदा. "दिलो!" नंदलाल म्हणाला. पाण्याला क्रियोलमध्ये दिलो म्हणतात. "दिलो आहे दिलो! मिस, तुमचं तांबं भांडीवाला घेऊन गेला!"

सत्यदेवचा चेहरा उतरला. पण तो हुशार माणूस होता. त्यानं लगेच वाकून भगवतीबाईंच्या पायांना हात लावला. "काकी, तुझंच खरं. आजोबांचं खरं."

"थांबा," विद्यावती म्हणाली. "हवा लागू द्या. जरा वेळ. कृपा करून थांबा."

"हवा लागली की पाणी वाळतं," नंदलाल म्हणाला. "चला, हात धुवा. चहा टाक गं."

ते उठले. कृष्णदेवही उठला. जाताना तो बायकोपाशी थांबला, काही म्हणणार असं वाटलं, आणि त्यानं फक्त तिच्या हातातली सुरी काढून घेतली. खोलीत दोघीच उरल्या. भगवतीबाई पाटावर बसल्या होत्या. विद्यावती ताटलीवर वाकून होती.

रंग कडेनं आला. जिथे थर पातळ होता, एनॅमलला चिकटलेला, तिथे आधी काही नाही आणि मग काहीतरी. पांढऱ्या धोतराला नीळ घातल्यावर शेवटच्या बादलीत जेवढी उरते, तेवढी. मग ती आत सरकली. विद्यावतीनं ताटली उचलून हलकेच फिरवली तसा रंग सगळीकडे पसरला आणि गडद झाला. आता संशयाला जागा नव्हती. तांबं आपलं काम करत होतं, ज्याच्या अंगात होतं तो प्राणी नसतानाही.

"आत्याबाई," ती हळूच म्हणाली.

भगवतीबाई पुढे झुकल्या. त्यांनी ताटली आपल्या हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली. उजेडाकडे धरली.

"दिसलं?"

"दिसलं," भगवतीबाई म्हणाल्या.

त्यांचा आवाज वेगळा होता. विद्यावतीनं दोन वर्षांत तो ऐकला नव्हता. त्या ताटलीकडे बघत म्हणाल्या, "ह्यांना ताप चढायचा तेव्हा मी इथंच बसायची. दिवसातनं एकदा उठायची. चार घास भात, दोन तुकडे उरीत. इंद्राणी नवी होती, ती वाढायची. मी म्हणायची, आणखी नको गो, उपास हाय."

यावर गप्प बसता आलं असतं. त्या म्हाताऱ्या बाईला तेवढं पुरलं असतं. कदाचित तिनंच दार उघडून सगळ्यांना हाक मारली असती, कोण सांगणार. पण विद्यावतीच्या हाताला अजून तो वास येत होता. बाहेरून हसणं ऐकू येत होतं. आणि ती बरोबर ठरली होती. गणित चुकलेल्या मुलीला सांगावं तशी ती म्हणाली, "म्हणजे तुमचा तो उपास मोडलाच होता, आत्याबाई. रोज मोडत होता. नऊच्या नऊ दिवस."

भगवतीबाईंनी मान वर केली. त्यांनी सुनेकडे नीट बघितलं, जणू ती आजच या घरात आली आहे.

मग त्या उठल्या. मागच्या दारी मोरी होती, तिथे गेल्या आणि ताटली पालथी केली. वर तांब्यातलं पाणी ओतलं. पदराच्या टोकानं ताटली पुसली, पुन्हा धुतली, पुन्हा पुसली. विद्यावती दारात उभी राहून बघत होती.

"या रे सगळे," भगवतीबाईंनी हाक मारली.

सगळे चहाचे पेले घेऊन आले.

"निळं झालं होतं!" विद्यावती ओरडली. "आता झालं होतं! आत्याबाईंनी पाहिलं. त्यांनीच ओतून दिलं. विचारा ना, विचारा त्यांना!"

"आई?" कृष्णदेव म्हणाला.

भगवतीबाई देव्हाऱ्यापाशी गेल्या. खाली बसून त्यांनी उजवा हात घटावर ठेवला, उगवलेल्या धान्यावर. त्या घरात अशी शपथ कधी कुणी घेतलेली नव्हती. घट बसलेला असताना त्याला हात लावायचा नसतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. नंदलालनं सुद्धा पेला खाली ठेवला.

"हिच्यासमोर सांगते," त्या म्हणाल्या. "पाणी होतं. मी शेवटपर्यंत बसली. पाणीच राहिलं."

त्यानंतर त्या खोलीत विद्यावतीचं ऐकणारं कुणी नव्हतं. सत्यदेवनं डोळे मिटून नमस्कार केला. इंद्राणी पण गंभीर झाली. कृष्णदेव बायकोजवळ आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "आई घटाला हात लावून खोटं बोलेल? तुला लाज वाटायला पाहिजे."

"पान उचल," भगवतीबाई इंद्राणीला म्हणाल्या. "ताजं हाय, वाया नको घालवू. नीट आपटून घे. आज तेच कर."

रविवारी पुस्तकं गोणपाटात बांधून नंदलालनं सें पिएरला पोचवली. हरिलालनं ती उतरून घेतली आणि मुलीचं काय चुकलं, एवढंच विचारलं. सोमवारी फ्लाकला कुणी गेलं नाही. ती जागा दुसऱ्या एका मुलीला मिळाली. पुढे ती मुलगी बसमध्ये कधीकधी विद्यावतीला दिसे आणि ओळखीचं हसे. तिला कोणाची जागा मिळाली, हे तिला माहीत नव्हतं.

वर्ष गेलं. कापणीचे दिवस आले आणि पुन्हा घट बसले. पहिल्या माळेला इंद्राणीनं विचारलं, "उरीत आणायचं ना?"

"आणायचं तर," भगवतीबाई म्हणाल्या. "रीत हाय घराची."

संध्याकाळी पानं मांडली. इंद्राणी वाढत भगवतीबाईंपाशी आली, तेव्हा त्यांनी ताटावर हात आडवा धरला. "मला नको. मला आता चावत नाय. दात गेले."

"दोन तुकडे तरी, आई?"

"माझे धाकटीला घाल."

विद्यावतीच्या ताटात दोघींचं पडलं. भगवतीबाईंनी आपला भात दह्याबरोबर संपवला आणि हात न धुता तशाच समोर बसून राहिल्या. त्यांची नजर सुनेच्या ताटावर होती. विद्यावतीनं तुकडे कडेला सारले.

"खा की," कृष्णदेव म्हणाला. "उगाच तमाशा नको. मागच्या वेळचं पुरे झालं."

तिनं एक तुकडा तोंडात घातला. चावला. गिळला. भगवतीबाईंनी मान हलवली, म्हणजे पुढचा. ताट रिकामं झालं तेव्हाच त्या उठल्या. दुसऱ्या माळेला तसंच झालं, तिसऱ्यालाही. घरच्यांना त्यात सासूचं प्रेम दिसलं. नंदलाल म्हणाला, "बघा, आपल्या तोंडचं काढून सुनेला घालते." इंद्राणीला तर जरा हेवाच वाटला.

चौथ्या माळेला विद्यावतीनं विचारलं. सगळे होते, तरी विचारलं. "आत्याबाई, तुम्ही का घेत नाही? खरं सांगा."

भगवतीबाई हसल्या. "सांगितलं ना गो. दात गेले."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या मागच्या पायरीवर बसल्या होत्या. नंदलालनं इस्टेटीवरून ऊस आणला होता. त्यांनी एक कांडं निवडलं, तोंडात आडवं धरलं आणि दातांनी त्याची साल कडाकडा सोलून काढली. पांढरा गर चावून चावून कोरडा केला. इंद्राणी तांदूळ धूत होती, तिनं पाहिलं. कृष्णदेवची सुट्टी होती, त्यानं पाहिलं. इंद्राणीनं तांदळाचं पाणी बदललं. कृष्णदेव आत निघून गेला. विद्यावतीनं नुकतीच तिथली फरशी पुसली होती. भगवतीबाईंनी चोथ्याचा बोळा तिच्या पायाशी थुंकला आणि दुसरं कांडं उचललं.

विद्यावती वाकली आणि तो बोळा हातानं उचलला.